कचरा चालेल, पण कुठला?

वोल्फगांग पाउली फिजिक्समध्ये जेवढा बुद्धीसाठी तेवढाच जिभेसाठी प्रसिद्ध होता. १९३१ साली त्यानं आपला तेव्हाचा सहायक रुडॉल्फ पायर्ल्स याला पत्रातून कळवलं की सेमीकंडक्टरवर, म्हणजे धातूइतकी नाही पण थोडीफार वीज वाहू देणाऱ्या पदार्थांवर, कुणी काम करू नये, नुसती घाण आहे ती, आणि मुळात सेमीकंडक्टर नावाचं काही असतं तरी का कुणास ठाऊक. आज हे वाचून हसू येतं, पण त्या काळाच्या हिशोबानं तो फार काही वावगं बोलत नव्हता. तेव्हाचा सिलिकॉनचा एक तुकडा एक उत्तर द्यायचा, दुसरा तुकडा भलतंच, कारण आत काय काय मिसळलंय याचा पत्ताच नसायचा आणि वीज वाहायची ती त्या मिसळलेल्या मालामुळेच. म्हणजे तुम्ही सिलिकॉन मोजताय असं वाटायचं आणि मोजला जायचा कचरा.

मी गेली बरीच वर्षं याच घाणीत आहे. आधी सेमीकंडक्टर लेझर, पीएचडी त्यातच, आणि आता ज्या ग्रुपमध्ये आहे तिथे टोपॉलॉजिकल लेझर. घरी कुणी विचारलं की मी नुसतं ‘लेझर’ म्हणून सोडून देते कारण टोपॉलॉजी (वाकवलं, ताणलं तरी जे बदलत नाही त्याचं गणित) हा शब्द काढला की पुढची पंधरा मिनिटं गेली. पण मला स्वतःला हे लेझरपासून टोपॉलॉजीपर्यंतचं सगळं एकाच भांडणाची गोष्ट वाटते, आणि ते भांडण पाउलीनं काढलेलंच आहे: कचऱ्याचं करायचं काय?

पहिलं उत्तर सरळ होतं, साफ करा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत विल्यम फॅननं झोन रिफायनिंग आणलं, म्हणजे जर्मेनियमच्या (हाही सिलिकॉनसारखा सेमीकंडक्टरच) कांडीचा एक छोटा पट्टा वितळवायचा आणि तो वितळलेला पट्टा हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्यायचा, अशुद्धी वितळलेल्या भागात राहणं पसंत करते त्यामुळे ती सोबत वाहत जाते आणि शेवटी टोकाला जमा होते, तेवढं टोक कापून टाकायचं. पुन्हा करायचं. पुन्हा. आज चिपसाठी वापरतात त्या सिलिकॉनला ‘नाईन नाईन्स’ म्हणतात, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध, अब्जात एखादा अणू परका. आणि एवढा आटापिटा केल्यावर करायचं काय, तर त्यात मोजूनमापून पुन्हा बोरॉन किंवा फॉस्फरस घालायचा! त्याला डोपिंग म्हणायचं आणि मग ती घाण राहत नाही. एमएस्सीला सर हे शिकवत होते तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, सर मग आधी काढलं कशाला. सगळे हसले, सरही हसले, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. आधी सगळं काढल्याशिवाय नेमकं किती घातलं ते कळणार कसं.

क्लीनरूममध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा हे अंगाला कळलं. पावडर नाही, काजळ नाही, लिपस्टिक नाही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, दोन जोड ग्लव्ह्ज. क्लास १०० ची खोली म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नकोत. आणि त्या खोलीत सगळ्यात घाण वस्तू कुठली, तर आपण. माणसाच्या कातडीचे कण सतत गळत असतात. कोल्हापूरच्या घरात आईनं सकाळी अंगण झाडलं, सडा घातला की स्वच्छ, एवढीच स्वच्छतेची कल्पना असलेल्या मुलीला ‘तू उभी आहेस म्हणून ही खोली घाण आहे’ हे पचायला थोडा वेळ लागतोच.

लेझर डायोडची, म्हणजे सेमीकंडक्टर लेझरची, सुरुवात पण गंमतशीर आहे. १९६२ च्या शरद ऋतूत अमेरिकेत चार गट जवळजवळ एकाच वेळी पोचले, त्यात पहिला न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकमधला रॉबर्ट हॉल. गॅलियम आर्सेनाइडचा बारका तुकडा, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला म्हणजे ७७ केल्विनला, त्यात करंटचे जोरदार झटके, आणि बाहेर इन्फ्रारेड प्रकाश. लेझरला समोरासमोर दोन आरसे लागतात. हॉलनं त्या स्फटिकाच्याच दोन बाजू घासून पॉलिश केल्या आणि त्याला ते जमलं कारण शाळकरी वयात त्याला घरच्या घरी दुर्बिणीचे आरसे घासायचा नाद होता. मला ही गोष्ट प्रचंड आवडते. पुढे लोकांच्या लक्षात आलं की घासायची गरजच नाही, हा स्फटिक ठरावीक पातळीवर आपणहून सरळ तुटतो. आम्ही अजून तेच करतो: वेफरच्या, म्हणजे स्फटिकाच्या पातळ चकतीच्या, कडेला डायमंडच्या टोकानं बारीकसा ओरखडा, मग मागून हलका दाब, आणि टक्. जी बाजू उघडी पडते ती अणूंच्या पातळीवर सपाट. आरसा म्हणून ती फक्त तीसेक टक्के प्रकाश परत पाठवते, पण लेझरच्या आत प्रकाश इतका जोरात वाढतो की तेवढ्यावर भागतं. नीट क्लीव्ह झालेला, म्हणजे असा सरळ तुटलेला, बार मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझ्या मते या धंद्यातलं सर्वोच्च सुख आहे, पेपर छापून येण्यापेक्षा जास्त.

पण बिनबर्फाचा, म्हणजे खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर यायला १९७० उजाडलं, आधी लेनिनग्राडला अल्फेरोव्हचा गट, पाठोपाठ बेल लॅब्समध्ये हायाशी आणि पॅनिश. त्यामागची कल्पना १९६३ चीच होती. मधे एका पदार्थाचा पातळ थर, दोन्हीकडून दुसऱ्या पदार्थाच्या भिंती, म्हणजे इलेक्ट्रॉनही मधेच कोंडले जातात आणि प्रकाशही. हर्बर्ट क्रोमरनं ती मांडली तेव्हा तो जिथे नोकरीला होता तिथे त्याला काम करायला पैसे मिळाले नाहीत, कारण असल्या लेझरचा व्यवहारात काही उपयोग असूच शकत नाही असं वरच्यांचं मत पडलं! २००० साली त्याला आणि अल्फेरोव्हला नोबेल मिळालं, तोवर जगभरच्या घरांत सीडी प्लेअर आणि समुद्राच्या तळाशी फायबर पोचलेलं होतं.

आणि तरी, हे सुरुवातीचे लेझर मरायचे. चालू केला, मस्त चालला, काही तासांत मंद होऊन संपला. मरत्या लेझरच्या आत बघितलं तर उजेडात काळ्या रेषा पसरत गेलेल्या दिसायच्या. स्फटिक वाढताना अणूंच्या रांगेत कुठेतरी एखादी रांग चुकलेली असते, डिसलोकेशन म्हणतात त्याला, तिथे इलेक्ट्रॉन प्रकाश न देता नुसती उष्णता देऊन पडतात, त्या ऊर्जेनं ती चूक आणखी वाढते, ती वाढली की आणखी इलेक्ट्रॉन तिथे वाया जातात. पुढची कित्येक वर्षं लोकांनी फक्त या काळ्या रेषांशी मारामारी केली. हे काम कुणाच्या नावावर नाही. याला नोबेल वगैरे मिळत नाही. पण हे झालं नसतं तर बाकी सगळं कागदावरच राहिलं असतं.

माझ्या मामाचं कोल्हापुरात टीव्ही-टेप रिपेअरचं दुकान होतं, नंतर त्यात सीडी प्लेअर यायला लागले. सीडी वाचत नाही म्हणून मशीन आलं की मामा झाकण उघडून कापसानं लेन्स पुसायचा, चालली तर चालली, नाही तर गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘लेन्स गेलीया, बदलाय लागंल.’ पीएचडीच्या मधल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी त्याला म्हटलं, मामा लेन्स कुठं जातीय, काच आहे ती, आतला लेझर म्हातारा झालेला असतो, त्याचा करंट वाढत जातो आणि उजेड कमी होत जातो. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘असंल की. पर गिऱ्हाईकाला लेझर गेला म्हटलं तर पाचशे जास्त लागतील असं वाटतंय गं पोरी, म्हणून लेन्स.’ यावर मी काय बोलणार.

आता यात एक पाचर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निळा प्रकाश हवा होता सगळ्यांना. बहुतेक शहाण्या लोकांनी पैसा लावला झिंक सेलेनाइडवर, कारण त्याच्या अणूंची रांग गॅलियम आर्सेनाइडच्या रांगेवर छान बसते, डिफेक्ट कमी. दुसरा उमेदवार गॅलियम नायट्राइड, त्याला बसायला तसा पाटच नव्हता, ते वाढवायचं नीलमाच्या स्फटिकावर, रांगा अजिबात जुळत नाहीत, दर चौरस सेंटिमीटरला दहा कोटींपासून हजार कोटींपर्यंत डिसलोकेशन. आमच्या शास्त्राप्रमाणे असल्या मालानं उजेड द्यायलाच नको. आणि १९९३ साली जपानमधल्या निचिया कंपनीतून शुजी नाकामुरानं त्याच मालाचा लख्ख निळा एलईडी काढून दाखवला, आणि झिंक सेलेनाइडचे ते देखणे, कमी डिफेक्टवाले लेझर भराभर मरत राहिले. का, याचं सर्वात मान्य स्पष्टीकरण असं की उजेड देणाऱ्या थरात गॅलियमसोबत मिसळलेला इंडियम सगळीकडे सारखा पसरत नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन छोट्या छोट्या खळग्यांत अडकतात आणि डिसलोकेशनपर्यंत पोचायच्या आधीच प्रकाश देऊन मोकळे होतात. म्हणजे एक गोंधळ दुसऱ्या गोंधळापासून वाचवतो. पण लेझर करायला घेतला तर मात्र ते डिसलोकेशन कमी करावेच लागले, नाहीतर आयुष्य मिळेना. एलईडीला जे चाललं ते लेझरला चाललं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोवर दुसरीकडे भलतंच काहीतरी घडून गेलेलं होतं. ४ फेब्रुवारी १९८० च्या रात्री, खरं तर ५ तारीख उजाडली होती, फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये क्लाऊस फॉन क्लिट्झिंग मोठ्या चुंबकात सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर ठेवून मोजमापं घेत होता. साधा मॉसफेट, म्हणजे आज आपल्या फोनमध्ये अब्जावधीनं असतात त्याचाच पूर्वज. करंट एका दिशेनं सोडायचा आणि व्होल्टेज आडवं मोजायचं. तर हे आडवं रेझिस्टन्स सलग बदलत जायच्या ऐवजी पायऱ्या पायऱ्यांनी जात होतं आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक. एक, दोन, तीन, चार. हा आकडा म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग, बास. ट्रान्झिस्टर कुठल्या आकाराचा, कुणी बनवला, त्यात किती मळ, काही संबंध नाही. याला क्वांटम हॉल इफेक्ट म्हणतात (हा हॉल वेगळा, लेझरवाला नव्हे). नंतर वेगवेगळ्या पदार्थांत मोजून बघितलं तर अब्जात एका भागापर्यंत सुद्धा फरक नाही. ज्या वर्गातल्या मालाला पाउली घाण म्हणाला होता त्यातून निसर्गाचे दोन मूळ स्थिरांक इतके नेमके बाहेर पडले की १९९० पासून जगभर ओहम त्यावरूनच ठरवतात.

यातला खरा चावट भाग पुढे आहे. या पायऱ्या सपाट असतात त्या मळामुळे! पूर्ण स्वच्छ, कुठेही काही न अडकणारा नमुना घेतलात तर पायऱ्या दिसणारच नाहीत, सरळ रेघ मिळेल. मळ काही इलेक्ट्रॉनना जागच्या जागी अडकवून ठेवतो, त्यांचा करंटमध्ये सहभाग नाही, म्हणून त्यांची संख्या कमीजास्त झाली तरी आकडा हलत नाही. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. आयुष्य क्लीनरूममध्ये घालवायचं ठरवलेल्या बाईला हे कसं वाटेल तुम्हीच बघा.

पूर्णांकच का, याचं उत्तर दोन वर्षांनी डेव्हिड थाउलेस आणि त्याच्या तीन साथीदारांनी दिलं आणि इथे टोपॉलॉजी आत शिरते. टोपॉलॉजी म्हटलं की लोक लगेच कॉफीचा मग आणि डोनट काढतात, मला त्याचा कंटाळा आहे, त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा गोठ्यात या. खुंट्याला गाय बांधलीय, दिवसभर गोल गोल फिरून तिनं दावं खुंट्याला गुंडाळून घेतलंय. दावं ढिलं असू दे, ताठ असू दे, मधे गाठी असू दे, शेणानं भरलेलं असू दे, ते खुंट्याभोवती किती वेढे घेतंय हा आकडा बदलत नाही. तो बदलायचा तर दावं कापावं लागेल किंवा खुंटा उपटावा लागेल, हळूहळू थोडा थोडा बदलणं शक्यच नाही. थाउलेसनं दाखवलं की स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या लहरी पण अशाच एका अमूर्त जागेत वेढे घेतात आणि तो आडवा रेझिस्टन्स म्हणजे नुसती वेढ्यांची मोजणी आहे. खुंटा उपटणं म्हणजे काय तर एनर्जी गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला राहायला बंदी असलेली ऊर्जेची मधली पट्टी, बंद होणं. गॅप उघडी आहे तोवर तुम्ही नमुना घाण करा, वाकडा कापा, आकडा तोच. आणि अशा दोन पदार्थांची, वेढे असलेला आणि नसलेला, जिथे हद्द लागते तिथे गॅप बंद व्हावीच लागते, म्हणून कडेनं एक वाट उघडी राहते, आणि त्या वाटेवर इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं जातो, मागे फिरायला त्याला जागाच नसते. मळ आडवा आला तर वळसा घालून पुढे.

या वेढ्यांच्या आकड्याला चर्न नंबर म्हणतात, चीनमधून अमेरिकेत गेलेल्या चर्न यांच्या गणितावरून. पण मला सांगायचंय ते मुंबईचं. १९६१ साली टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नरसिंहन आणि रमणन यांनी सिद्ध केलं होतं की या गणितात लागणाऱ्या सगळ्या कनेक्शन्स, म्हणजे एका बिंदूवरून शेजारच्या बिंदूवर जाताना दिशा कशी जुळवायची याचे नियम, एका वैश्विक कनेक्शनमधून खेचून आणता येतात. त्यांच्या डोक्यात सेमीकंडक्टर असायचं कारणच नव्हतं, ते शुद्ध भूमितीचं काम. पण आज आम्ही ज्याला बेरी कनेक्शन (हा बेरी पुढे येतोच) म्हणतो आणि संगणकावर रोज काढतो, ते अगदी तेच खेचून आणणं आहे. टोपॉलॉजीचा कोर्स करताना माझ्या शेजारी गणिताची मुलं बसायची, त्यांना नरसिंहन माहीत होते आणि क्वांटम हॉल इफेक्ट माहीत नव्हता, माझं नेमकं उलटं. मी कोल्हापूर-पुण्यात शिकून हे नाव परदेशात ऐकावं याचं तेव्हा जरा चुकचुकलं.

अजून एक आपलाच माणूस इथे येतो. शिवरामकृष्णन पंचरत्नम, सी. व्ही. रामन यांचा भाचा. बंगळुरूला रामन यांच्या संस्थेत स्फटिकांवर काम करताना १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं दाखवलं की प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत डोलते ती दिशा, बदलत बदलत तुम्ही त्याला पुन्हा मूळ स्थितीला आणलंत तरी प्रकाश जसाच्या तसा परत येत नाही, त्याच्या फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या चढउताराच्या वेळेत, एक फरक उरतो आणि तो फक्त कुठल्या वाटेनं फिरलात त्या वाटेच्या आकारावर ठरतो. १९८४ मध्ये मायकेल बेरीनं हेच क्वांटमसाठी मांडलं आणि तो प्रसिद्ध झाला. मग १९८६ साली रामशेषन आणि नित्यानंद यांनी दाखवून दिलं की अहो हे आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीच झालंय, आणि बेरीनं ते मोकळेपणानं मान्य केलं, त्यावर स्वतः लिहिलं. पंचरत्नम हे बघायला नव्हता, तो १९६९ मध्येच गेला, पस्तिशीत. म्हणजे बघा, ज्या भूमितीवर हा सगळा टोपॉलॉजीचा डोलारा उभा आहे ती प्रकाशात आधी सापडली होती, इलेक्ट्रॉनमध्ये नंतर.

तरी प्रकाशाला इलेक्ट्रॉनसारखी कडेची वाट देता येईल हे सुचायला २००५ उजाडलं. डंकन हाल्डेन आणि श्रीनिवास रघू यांनी तो पेपर तेव्हा लिहिला, छापून आला २००८ ला, त्यावरून लोकांना ते पचायला किती वेळ लागला ते समजा. पुढच्याच वर्षी एमआयटीत मारिन सोल्याचिचच्या गटानं फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांड्यांची जाळी चुंबकात ठेवून मायक्रोवेव्ह कडेनं पळवल्या, वाटेत धातूचा आडवा अडथळा घातला तरी लाट वळसा घालून पुढे गेली, मागे काही परत आलं नाही. भारीच. पण ते मायक्रोवेव्हला. दिसणाऱ्या किंवा फायबरमधल्या प्रकाशाला चुंबकाचा परिणाम इतका किरकोळ असतो की ती युक्ती चालत नाही.

मग लोकांनी चुंबकाशिवाय चुंबक करायची आयडिया काढली. चिपवर बारीक बारीक रिंगा कोरायच्या, प्रकाश त्यात गोल फिरतो, आणि शेजारच्या दोन रिंगांना जोडणारी तिसरी रिंग जरा सरकवून बसवायची म्हणजे जाताना आणि येताना प्रकाशाला वेगळा फेज मिळतो, आणि हे सगळं जाळ्यात नीट मांडलं की प्रकाशाला वाटतं आपण चुंबकात आहोत. २०१८ साली हैफाच्या टेक्निऑनमधला मोती सेगेव्हचा गट आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या मर्सेदे खाजाविखान आणि ख्रिस्तोदुलिदेस यांचे गट यांनी मिळून याचा लेझर केला. १० बाय १० रिंगांचं जाळं, इंडियम-गॅलियम-आर्सेनिक-फॉस्फरसच्या क्वांटम वेल्सवर (काही नॅनोमीटर जाडीचे थर), म्हणजे माझ्या रोजच्या ओळखीचा टेलिकॉमचा माल. फक्त कडेच्या रिंगांना ऊर्जा द्यायची आणि आतल्या तशाच ठेवायच्या. साध्या जाळ्यात काय होतं की बनवताना प्रत्येक रिंग दोनचार नॅनोमीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे प्रकाशाचे छोटे छोटे कंपू पडतात, प्रत्येक कंपू आपल्याच रंगात लेझ करतो, नुसता कलकलाट. टोपॉलॉजिकल जाळ्यात कडेची लाट सगळ्या घेराला फिरून येते, वाटेतली सगळी ऊर्जा खाऊन टाकते, दुसऱ्या कुणाला उरतच नाही, त्यामुळे जास्त ताकदीलाही एकच रंग. मी तो पेपर वाचला आणि माझ्या गाईडला मेल टाकली की मला हे करायचंय. गाईडचं उत्तर दोन शब्दांचं होतं, ‘कॉन्टॅक्ट कसे?’ म्हणजे वायरी कुठून जोडणार. कारण त्या लेझरला ऊर्जा दुसऱ्या लेझरनं दिली होती, विजेनं नाही. जुना मुरलेला माणूस लगेच दुखऱ्या जागी बोट ठेवतो.

आता जरा कडू बोलते. क्वांटम हॉलमध्ये जी पोलादी हमी आहे ती प्रकाशात नाही, आणि आमच्या क्षेत्रात हे मोठ्यानं बोलायला लोक कचरतात. रिंगेत प्रकाश घड्याळाच्या दिशेनंही फिरतो आणि उलटही, दोघांची कडेची वाट विरुद्ध, आणि भिंतीच्या खरखरीतपणामुळे एकातला प्रकाश दुसऱ्यात गळतो. तो गळला की हमी संपली. (त्या २०१८ च्या चिपमध्ये रिंगांच्या आत एस आकाराची वाट घालून एकच दिशा पसंत करायला लावली होती, सुंदर काम आहे.) २०२३ साली डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटानं चुंबकाशिवाय टोपॉलॉजिकल वाट करायचा व्हॅली-हॉल म्हणून जो फार चलतीतला प्रकार आहे त्याच्या वाटा नीट बनवून मोजल्या, तर बनवतानाच्या नैसर्गिक खरखरीमुळे प्रकाश भरपूर मागे फिरत होता, टोपॉलॉजीनं त्याला काही वाचवलं नाही. असे पेपर कमी येतात आणि ते मला सगळ्यात मोलाचे वाटतात. त्याच्या आधीची दहा वर्षं ग्रँटच्या अर्जात ‘टोपॉलॉजिकल’ शब्द घातला की अर्ज पुढे सरकायचा, मीही घातलेला आहे, सगळ्यांनी घातलेला आहे.

आणि लेझरचं तर आणखी वेगळं. थाउलेसचं गणित बंद खोलीचं आहे, आत काही येत नाही बाहेर काही जात नाही. लेझर गळायलाच हवा, नाहीतर बाहेर प्रकाश येणार कुठून! आत सतत ऊर्जा ओतायची, बाहेर सतत सांडायची, आणि प्रकाश वाढला की गेन, म्हणजे माध्यमाची प्रकाश वाढवायची ताकद, कमी होतो म्हणजे लाट स्वतःच आपलं माध्यम बदलत राहते. अशा ठिकाणी गॅप म्हणजे काय, वेढे कशाचे मोजायचे, यावर गणिती लोकांचं काम अजून चालूच आहे. म्हणून मला विचाराल तर टोपॉलॉजिकल लेझरचा खरा फायदा ‘मळाला दाद देत नाही’ हा नाहीच, तो जाहिरातीतला फायदा आहे. खरा फायदा लाटांच्या मारामारीत आहे, एकीला सगळी ऊर्जा मिळते आणि बाकीच्या उपाशी मरतात. मळाचं म्हणाल तर काही मळ चालतो, काही अजिबात नाही. रिंग जरा लहानमोठी झाली तर चालतं, भिंत खरखरीत झाली तर नाही. निळ्या एलईडीची आणि निळ्या लेझरची गोष्ट होती ना, तसंच.

विजेचा प्रश्न पण हळूहळू सुटतोय. २०२० ला सिंगापूर आणि लीड्सच्या लोकांनी टेराहर्ट्झमध्ये (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या लहरी) विजेवर चालणारा करून दाखवला, तो गार ठेवावा लागतो. २०२१ ला सेगेव्ह आणि वुर्झबर्गच्या गटानं व्हीसीएसईएल घेतले, हे उभे, वरच्या दिशेनं उजेड टाकणारे लेझर, तुमचा चेहरा ओळखून उघडणाऱ्या फोनमध्ये असतात ते. तसे तीस लेझर टोपॉलॉजिकल मांडणीत असे जोडले की तीसही एकच लेझर असल्यासारखे ताल धरून चालले. त्यात ऊर्जा प्रकाशानंच दिली होती, पण व्हीसीएसईएल ही मुळात विजेवरची चीज आहे, त्यामुळे गाईडच्या दोन शब्दांना इथून उत्तर मिळेल असं मला वाटतं. गाईड आता निवृत्त झालाय, पण मेलला अजून दोन शब्दांतच उत्तर देतो.

आम्ही सध्या काय करतोय तर मुद्दाम बिघडवलेल्या चिपा. रिंगांच्या मापात ठरवून, मोजून, संगणकानं काढलेला गोंधळ घालायचा, एका चिपवर थोडा, दुसरीवर जास्त, तिसरीवर आणखी जास्त, भिंतीची खरखर वेगळी, रुंदीतली चूक वेगळी, आणि कडेची लाट नेमकी कुठल्या गोंधळाला मोडते ते बघायचं. क्लीनरूमच्या वहीत प्रत्येक प्रोसेसनंतर ‘काय बिघडलं’ असा एक रकाना असतो, तिथे आम्ही ‘मुद्दाम’ असं लिहितो आणि तिथला टेक्निशियन दर वेळी डोळे फिरवतो. अडचण एकच आहे. दोन नॅनोमीटरचा मुद्दामचा गोंधळ मोजायचा तर आमच्या नकळत होणारा गोंधळ त्याच्या बराच खाली हवा, तो अजून नाहीये, एचिंगनंतर, म्हणजे गॅसनं रिंगा कोरल्यावर, भिंती खरखरीत निघतायत. त्यामुळे गेले काही महिने चिपा घाण करण्याचं काम थांबलंय आणि आम्ही सगळे मिळून एचिंगचा गॅस, प्रेशर, रेझिस्टची (कोरण्याआधी वर लावतात त्या लेपाची) बेकिंग हे सगळं पुन्हा पहिल्यापासून लावतोय, पुढचा वेफर गुरुवारी आत जाणार आहे.